घशासाठी लिहिलेलं पत्रक

संमोहन हा शब्द आमच्या घरात आला तो बाबांच्या पत्रकांतून, आणि शत्रू म्हणूनच. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन बाबा साताऱ्याहून जयपूरला आले, तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. ताईत, गंडे, भोंदू महाराज, सगळ्यांविरुद्ध. मुरलीपुऱ्यातल्या घरी त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. मराठी वाचायला मी त्यांवरच शिकले.

म्हणून घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून घसा उत्तम असल्याचं सांगितलं आणि मालवीय नगरातल्या एका संमोहनतज्ज्ञ बाईंचा पत्ता दिला, तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. तक्रार मात्र खरी होती. चार माणसांपुढे बोलायला उभी राहिले की घशात गोळा यायचा आणि आवाज बंद. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनला संरक्षक जाळी नव्हती आणि एका कामगार बाईची दोन बोटं गेली होती. कामगार संघटनेसाठी त्याचं पत्रक मी लिहिलं होतं. तिथल्या बायकांचा आग्रह होता की शनिवारी गेटवरच्या सभेत मीच बोलावं. आजवर माझी पत्रकं दुसरेच वाचून दाखवायचे.

संमोहनवाल्या बाईंकडे मी भांडायच्या तयारीनेच गेले. बोटं मशीन तोडतं, मनाचा ताण नाही. मग सगळा दोष माणसाच्या आत ढकलायचा हा धंदा कशाला, असं सुरुवातीलाच विचारून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, जाळी लागायलाच हवी आणि ते सांगायला आवाज लागेल. मग डोळे मिटून लिंबाची फोड चोखते आहे असं समजायला सांगितलं. लिंबू कुठेच नव्हतं, तरी तोंडाला पाणी सुटलं. मी चिडले. मला न विचारता माझं शरीर नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून मोकळं झालं होतं. परतताना बसमध्ये मी तोच प्रयोग तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा पाणी सुटलं.

पण त्यांच्या हिंदी सूचनांना घसा दाद देईना. घरच्या भाषेत तुम्हीच लिहा आणि रोज डोळे मिटून स्वतःला ऐकवा, असं त्यांनी सांगितलं. हे तर माझ्या हातचं काम. मी लिहिलं: 'घसा तात्काळ मोकळा झालाच पाहिजे. भीतीची मनमानी चालणार नाही.' तीन दिवस ऐकवलं. गोळा आणखी मोठा झाला. बाईंना अर्थ सांगितला तेव्हा हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"ये तो नारे हैं, बेटा. मालिक को सुनाइए. गला तो मज़दूर है."

घरी बाबांना सगळं सांगून टाकलं. आता व्याख्यान ऐकावं लागणार असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन दोनदा वाचला.

"गोळा नेमका कुठं येतो?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर तिथेच बोट ठेवलं.

"युनियनच्या सभेत माझाही इथंच यायचा. पत्रकं काय हौस म्हणून लिहीत होतो होय?"

बाबांना सभेत बोलताना मी कधीच पाहिलं नव्हतं, हे तेव्हा प्रथम लक्षात आलं.

मग ओट्याशी उभं राहून आम्ही दोघांनी मजकूर पुन्हा लिहिला. प्रत्येक 'पाहिजे' त्यांनी खोडलं. उरलं एवढंच: 'श्वास खाली जातो आहे. जीभ सैल आहे. गोळा असला तर असू दे, आवाज त्याच्या शेजारून जाईल.'

शनिवारी गेटवर गोळा आलाच. मी थांबले, श्वास खाली जाऊ दिला आणि 'बहनों' म्हटलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला. तिसऱ्या वाक्यात जाळीचं नाव आलं. तेवढ्यात मागे भिंतीशी उभे असलेले बाबा दिसले. त्यांचा हात गळ्यावर होता आणि मी थांबले की ते आवंढा गिळत होते. त्यांच्याकडे बघत मी मशीनबद्दल बोलत राहिले.