उलार ट्रॉली आणि जावयाचा मान

माझ्या मेहुण्याला गाडी चालवता येत नाही, असं त्याच्या रोहणा गावात सगळे मानतात आणि आमच्या हिंगणघाटच्या गल्लीतही. ते खोटं आहे. तो उत्तम चालवतो. ट्रॉली मी उलथवली, आणि तीसुद्धा स्टेअरिंगला हात न लावता. हे मी तोंडानं सांगून पाहिलं. कोणी पुरतं ऐकून घेत नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. निवृत्त झाल्यावर मोबाईलवर परदेशातली माणसं पाहायचो. गाडीमागे अख्खं घर जोडून निघतात आणि तळ्याकाठी चहा पितात. मला वाटलं, हे आपल्याला न जमण्यासारखं काय आहे? एका मंडपवाल्याकडे जनरेटर वाहायची जुनी दोनचाकी ट्रॉली गंजत पडली होती, ती माझ्या जीपमागे जोडून आणली. त्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डिंग केला, प्लायवूड आणि पत्रा ठोकला. आत घडीचा पलंग, गॅसची शेगडी, दोन खिडक्या. पत्नीनं एकदा आत डोकावून विचारलं की चांगलं स्लॅबचं घर असताना या डब्यात कोणत्या पापासाठी झोपायचं.

ट्रॉली दारात उभी राहिली आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यात सुधारणा सुचवू लागला. कोणी म्हणे देव्हारा हवा, कोणी म्हणे टीव्ही हवा. एकानं वर गच्ची सुचवली, पापड वाळवायला. मी सगळ्यांना कंटाळलो होतो. पण एक गोष्ट मलाच सुचली, आणि तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली कूलरशिवाय माणूस भाजून निघतो. मी मागचा पत्रा कापला, तिथे मोठा लोखंडी कूलर बसवला आणि त्याला पाणी पुरावं म्हणून खाली, मागेच, प्लास्टिकचा ड्रम घट्ट बांधला. काम इतकं सुबक झालं की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मुक्काम मात्र काही केल्या घडेना. समुद्रपूरच्या बाजूला एका तलावाकाठी ट्रॉली लावली, तर आधण ठेवायच्या आत पत्नीची मावसबहीण तिथे हजर. तिला कोणी सांगितलं, देव जाणे. आपलं घर एवढ्या जवळ असताना पाहुणे रस्त्यावर स्वयंपाक करतात म्हणजे गावानं काय म्हणायचं, असं ती रडवेली होऊन विचारू लागली. शेवटी आम्ही तिच्या घरी गादीवर झोपलो आणि ट्रॉली तिच्या गोठ्याशेजारी झोपली. या जिल्ह्यात अशी एकही जागा नाही जिथून कोणा ना कोणा नातेवाइकाचं घर हाकेवर नाही.

रोहण्याला तर मी जावई. तिथे अंगणात ट्रॉली लावून झोपतो म्हटल्यावर घरात सुतक आल्यासारखं झालं. बरीच ओढाताण झाल्यावर मेहुण्यानं तोड काढली: त्या रात्री घरात झोपायचं, सकाळी तो स्वतः आम्हाला धरणावर घेऊन जाईल, तिथे काय हवं ते करा. जीप माझी, ट्रॉली माझी, तरी चालवणार तो. जावई गाडी चालवतो आणि साळा बाजूला बसतो, हे त्याला पटेना.

जावयाला रिकामं पाठवत नाहीत. सकाळी गव्हाचं पोतं आलं, तुरीच्या डाळीचं आलं, लोणच्याच्या बरण्या आल्या. दार मागच्या बाजूला, म्हणून मी सगळं दारालगतच रचून घेतलं. आत कोण ओढत बसणार? कूलरच्या ड्रममध्ये पाणीही तिथूनच भरून घेतलं.

मेहुण्यानं फाटकात ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. जीपला अडकवलेल्या दांड्यावर पाय देऊन पाहिला. "भाऊजी," तो हळूच म्हणाला, "मांगून उलार वाटून राह्यली."

उलार म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. बंडीत मागच्या अंगाला ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलाच्या मानेला फास बसतो. लहानपणी बंडी उलार झाली की वडील मला पुढे दांडीवर बसवायचे, वजन म्हणून. तरी मी त्याला म्हणालो, ही काही कापसाची बंडी नाही, हे इंजिनीअरिंग आहे. तो जीपमध्ये जाऊन बसला. जावयाचा शब्द त्या घरात कोणी दुसऱ्यांदा खोडत नाही. दुसऱ्यांदा कशाला, त्यानं एकदा बोलून दाखवलं हेच खूप होतं.

धरणाच्या रस्त्यावरच्या उतारावर ट्रॉली आधी थोडी डोलली. मग तिचं शेपूट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि जीपची मागची चाकं हलकी पडल्याचं मला बुडाखाली कळलं. मेहुण्यानं ब्रेक दाबला नाही, पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. माणूस यापेक्षा जास्त काही करू शकत नाही. ट्रॉली नालीत आडवी झाली आणि जीपला फिरवून घेऊन गेली. पत्नीचा कोपर मोडला. तो आजही पुरता सरळ होत नाही. डब्यातलं पीठ काढायला ती डावा हात वापरते.

लोक जमले. चालवत कोण होतं, असं कोणीतरी दरडावून विचारलं. मेहुण्यानं हात वर केला. "म्या चालवत होतो. स्पीड जास्त झाली," म्हणाला. स्पीड जास्त नव्हती. मी शेजारी बसलो होतो, काटा मला दिसत होता. पण मी पत्नीचा हात धरून बसलो आणि बोललो नाही. तेव्हा वाटलं, दवाखान्यातून आल्यावर सांगू. मग वाटलं, दिवाळीला सांगू.

त्यानंतर मेहुण्याच्या मुलानं ट्रॅक्टरची किल्ली स्वतःकडे घेतली. बहिणीचा हात मोडणारा म्हणून त्याचीच बायको त्याला गाडीवर बसू देईना. ज्या माणसानं उभं आयुष्य शेतातून बाजारात माल नेला, तो आता आर्वीला जायचं तर कोणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून जातो. आणि सणावारी मी गेलो की माझ्यासाठी पाट मांडतो.

या हिवाळ्यात मी ट्रॉली पुन्हा उभी केली. कूलर काढला, ड्रम चाकाच्या पुढे घेतला, शेगडी आणि गॅस पुढच्या भिंतीला लावला. काम संपलं आणि मग हे सगळं का बदललं, असं पत्नीनं विचारलं. मी तिला सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "ज्याले सांगायचं त्याले सांगा."

म्हणून ट्रॉली जोडून, पत्नीला घेऊन रोहण्याला गेलो. मेहुणा, त्याची बायको, मुलगा, सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगितलं की चूक माझी होती. मेहुणा म्हणाला, जाऊ द्या ना भाऊजी, चहा घ्या. मी पुन्हा सांगितलं. त्याची बायको म्हणाली, वय झालं की माणूस उगाच मनाला लावून घेतो. पोहे आले. मी बशी बाजूला सारली, तर पोह्यात मीठ कमी आहे का, म्हणून आत धावपळ सुरू झाली. जावयानं माफी मागायची, हे त्यांच्या कानात शिरतच नव्हतं; शिरलं असतं तर त्यांना घर सोडून जावं लागलं असतं. माझं डोकं फिरलं. मी अंगणातून एक काठी उचलली आणि ओसरीच्या मातीवर ट्रॉली काढली. हा आख, हे चाक, हा ड्रम, हे पोतं. वजन मागे गेलं की दांडा वर उचलला जातो, याला उलार म्हणतात, मी मेहुण्याला समजावू लागलो.

तो उभा राहिला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"आता तुमी मले उलार शिकवता?" तो म्हणाला. "म्याच तं सांगतलं होतं तुमाले. फाटकात. तुमी आयकलं काय?"

त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मी म्हणालो, नाही ऐकलं. तो लगेच खाली बसला आणि मान खाली घालून म्हणाला की चहा थंड होऊन राह्यला. पण आता ते बोललं गेलं होतं, आणि मुलानं ऐकलं होतं.

मुलगा माझ्याकडे आणि मातीवरच्या चित्राकडे पाहत होता. आत्याचा नवरा म्हणून तो मला मामाजी म्हणतो. इतकी वर्षं आदरानं बोललेला पोरगा म्हणाला, "चालवू द्या मंग बाबाले. पण मामाजी, सामान तुमी नोका भरू."

मेहुण्यानं त्याला झापलं, जावयाशी असं बोलतात का म्हणून. मी मधे पडलो तर मलाही गप्प केलं. झापणं मला हवं होतं, तेही त्यानं माझ्या वाट्याला येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धरणावर जायला ट्रॉलीत सामान पोरानं भरलं. दांड्यावर उभं राहून, उड्या मारून पाहिलं. मेहुणा स्टेअरिंगवर बसला, मी बाजूला, पत्नी मागे. आणि त्यानं जी गाडी काढली ती बैलाच्या चालीनं. कापसाचे ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेले. मागे एसटी हॉर्न वाजवून थकली आणि तीही गेली. एक म्हातारा सायकलवर पुढे निघाला आणि वळून पाहत राहिला. मेहुण्याच्या स्टेअरिंगवरच्या दोन्ही हातांच्या शिरा तटतटल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा रे, रस्ता मोकळा आहे, ट्रॉली सरळ चालली आहे, तुला सगळं येतं, थोडं तरी दाब. दोनदा तोंड उघडलं.

मागून पत्नी म्हणाली, "आवो, त्याले काई नोका सांगू."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो.