द्राक्षाच्या पेटीतला कॉम्प्युटर

आमच्या घरी सध्या माणसं रडायला येतात आणि किस्से सांगून जातात. दादाला जाऊन दोन महिने होतील. आठ दिवसांचा ताप आला आणि संपलं. येणारा माणूस आईसमोर बसतो, डोळे पुसतो, अर्धा ग्लास पाणी पितो. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर जाते आणि तिथून सुरू होतं, "तुम्हाला सांगतो, सुन्याने एकदा काय केलं..." असे एवढे साठलेत की म्हटलं लिहून ठेवावेत. माझी आठवीसुद्धा पूर्ण नाही. चुकलं तर चालवून घ्या.

पेटी म्हणजे दादाचा कॉम्प्युटर. गेम खेळायला त्याने स्वतः एकेक पार्ट गोळा करून बनवलेला. नाशिकच्या अख्ख्या सिडकोत तसा दुसरा नव्हता.

दादाच्या दहाव्याच्या दिवशी मी त्या पेटीला लाथ मारली. कारण काही नव्हतं. ती तिथे होती आणि तो नव्हता. तेव्हाच पेटी बंद पडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना तेच माझ्या डोक्यात असणार आहे.

*

दादा अंबडला पत्र्याच्या कंपनीत प्रेसवर होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आम्ही लहान असतानाच गेले, त्यामुळे पगार घरात जायचा. ओव्हरटाइमचे पैसे तेवढे त्याचे. वर्षभर ते साठवले आणि तो मला आणि शेजारच्या पक्याला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. पक्या रिक्षा चालवतो, म्हणून जायचं भाडं वाचलं.

दुकानदाराने बजेट विचारलं. दादाने सांगितलं. तो माणूस हसला नाही, पण हसल्यासारखाच म्हणाला, "एवढ्यात गेमिंग नाही होत. एवढ्यात पत्ते खेळा."

दादा चिडला नाही. आत काय काय पार्ट असतात एवढंच विचारलं, बिडीच्या पाकिटावर लिहून घेतलं आणि निघाला. बिडी पक्याची. दादा ओढत नव्हता.

पुढे सात-आठ महिने लागले. एक पार्ट नवा, बाकी सगळे जुने, वापरलेले. सगळं जमलं तेव्हा कॅबिनेटला पैसे उरले नव्हते. घरात मामाने निफाडहून पाठवलेली द्राक्षाची लाकडी पेटी होती. दादाने सगळा संसार त्यात बसवला. मी विचारलं, हे तापणार नाही का? तो म्हणाला, फटी आहेत, हवा खेळते. यात द्राक्षं टिकतात, तर हे नाही टिकणार?

दोन वर्षांनी एक माणूस आपला कॉम्प्युटर काखेत मारून आमच्या दारात उभा राहिला. त्याच दुकानदाराला त्यातला बिघाड सापडेना, म्हणून त्यानेच पाठवलेला. "सिडकोत जा, पेटीवाला सुनील विचारा, कोणीही घर दाखवेल."

दादाने तासाभरात चालू करून दिला. जाताना म्हणाला, "शेठना सांगा, आता यावर पत्तेसुद्धा चालतील."

*

मॉनिटर इंदिरानगरमधल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणला. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे धोंडाच. खरचटू नये म्हणून दादाने त्याच्यावर आईची जुनी लाल साडी घातली आणि तो मांडीवर घेऊन पक्याच्या रिक्षात बसला. गणपतीला दोन दिवस राहिले होते.

सिग्नलला एका म्हाताऱ्याने हात जोडले. आमच्या कोपऱ्यावर पोरांनी "मोरया" केलं. दादाने तोंड उघडून कोणाला काही सांगितलं नाही. एक पोरगं पळत पुढे गेलं आणि आईला म्हणालं, तुमचे गणपती आले.

आमच्याकडे गणपती बसत नाही. पण पोरगा मनाने घेऊन आलाय तर अडवायचं कसं? आई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन दारात आली. तिने ओवाळून तुकडा टाकला. तांब्या कलला तसा दादा ओरडला, "आई, माझ्या पायावर घाल. ह्याच्यावर एक थेंब नको!"

घरात आल्यावर साडी काढली. आई त्या काळ्या काचेकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तोंड कुठंय ह्याचं?"

"विजेवर येतं," दादा म्हणाला.

आईने तरी कुंकू लावलंच. तो ठिपका अजून आहे.

*

आता माझा पराक्रम. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. चौकोनी चकती, आणि तिच्या खाली केसासारख्या बारीक शेकडो पिना. सगळ्यात महाग पार्ट तोच, आणि तेवढा एकच दादाने कोरा करकरीत घेतला होता. तो आंघोळीला गेला आणि मला धीर निघाला नाही. मी चकती बोर्डावर ठेवली. ती बसेना, म्हणून अंगठ्याने दाबली. गॅरेजला काम करतो मी. आमच्याकडे न बसणारी वस्तू दाबतात, तरी नाही बसली तर हातोडीने सांगतात.

दादा टॉवेलवर बाहेर आला. चकती उलटी करून बघितली. दोन रांगा आडव्या झोपलेल्या. मी मार खायच्या तयारीने भिंतीला टेकलो.

त्याने आईच्या डब्यातून सुई काढली आणि उंबऱ्यात उजेडाला बसला. सकाळी नऊला बसला तो चारला उठला. कंपनीत हा माणूस पत्र्यावर बोट फिरवून जाडी सांगायचा. साहेब मापून बघायचे आणि साहेबांचंच माप चुकलेलं निघायचं. ती बोटं त्या दिवशी एकेक पिन उभी करत होती. मी समोर बसून होतो. दादा मध्ये एकदाच बोलला.

"रडू नको. वाकलेलं सरळ होतं, तुटलेलं होत नाही. तू नुसतं वाकवलंयस."

संध्याकाळी चकती आपल्या वजनाने बोर्डात बसली. अंगठा लागला नाही.

*

द्राक्षाच्या पेटीला चालू करायचं बटण नसतं. दादाने घराच्या दारावरची बेल काढली आणि तिचं बटण पेटीला लावलं. बोट दाबलं की कॉम्प्युटर चालू. दारावर भोक राहिलं, त्यावर चिकटपट्टी.

आई भडकली. घराची बेल काढून पेटीला लावली, आता दारात आलेल्याने काय शिट्टी मारायची?

गॅसवाल्याने ते ऐकलं. तो आजही शिट्टी मारतो.

या दोन महिन्यांत जो आला, त्याचं बोट आधी त्या चिकटपट्टीवर गेलं. मग त्याने कडी वाजवली.

*

शनिवारी आमच्याकडे कारच्या रेसची मॅच असायची. दादा, पक्या, मी आणि इम्तियाज. इम्तियाज दादाचा शाळेपासूनचा दोस्त, भद्रकालीत मोटर वाइंडिंग करतो. पेटीतल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा त्यानेच दुरुस्त केला होता. आई पलीकडे पापड लाटायची आणि दर दहा मिनिटांनी म्हणायची, "बंद करा रे ती भुर्रभुर्र."

रेस संपली की पडद्यावर यादी यायची. दोन नंबरला दादा, तीनला इम्तियाज, चारला मी. पक्या यादीत नसायचाच. रिक्षावाला असून सगळ्यात वाईट गाडी त्याची. आणि एक नंबरच्या जागी नाव नव्हतंच, नुसता एक ठिपका. त्याचा टाइम असा होता की आम्ही जवळपाससुद्धा फिरकलो नाही.

इम्तियाज दर शनिवारी विचारायचा, "सुन्या, हा कोण आहे ते तरी सांग."

दादा हसायचा. "आहे एक माणूस. दुपारच्या शिफ्टचा."

म्हणजे कंपनीतला कोणीतरी, असं आम्ही धरून चाललो. पक्याने तर मनावर घेतलं होतं. दादाच्या कंपनीतली माणसं भेटायला आली, तेव्हा तो एकेकाला दारापर्यंत सोडायला जायचा आणि हळूच विचारायचा, "तुम्ही दुपारच्या शिफ्टचे का? आमच्याकडे गाडी चालवायला यायचात का?" माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवायची. त्यांना वाटायचं, धक्क्याने झालंय.

*

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर इम्तियाज मीटर घेऊन आला. पक्याही आला. आम्ही पेटी मधोमध घेतली. वायरी तपासल्या. करंट येत होता, पंखे फिरत होते, पडदा काळा. इम्तियाजने दोन तास काढले. शेवटी मीटर गुंडाळून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "छोटू, बोर्ड गेला असेल. असा बोर्ड आता मिळत नाही."

मी उठून दाराशी गेलो. तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

मागे पोळपाट सरकवल्याचा आवाज आला. आईने पदराला हात पुसले आणि देवघराच्या खणातून खोडरबर काढला. शाळेतला, अर्धा झिजलेला. पेटीजवळ बसली. आधी भिंतीतली पिन काढली. मग आत हात घालून मेमरीची पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात रबराने दोन्ही बाजूंनी घासले आणि फुंकर मारली. पट्टी परत बसवली. दोन्हीकडचे चिमटे लागले, टक, टक. पिन भिंतीत घातली आणि बेल दाबली.

पेटी एकदा बीप वाजली. पडदा उजळला.

पक्याचं तोंड उघडंच राहिलं. इम्तियाज म्हणाला, "काकू, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

आईने कारची रेस उघडली, कीबोर्ड मांडीवर ओढला. बाणांच्या बटणांवर पापडाचं पीठ लागलं. मी मध्ये उभा होतो.

"सरक," ती म्हणाली. "दुपारची शिफ्ट माझी असायची."