एक दिवसाआड अंघोळ

बिलाबाई हे नाव तिला नणंदेनं ठेवलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकवीस वर्षं बिलं टाइप करून तिनं नोकरी सोडली आणि धंदा काढला. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांची जुनी बिलं तपासायची, चुकून जास्त भरलेले पैसे परत मिळवून द्यायचे. मिळाले तर चौथा हिस्सा तिचा. नाही मिळाले तर झिजल्या त्या चपला तिच्या.

"वहिनी, लोक दुकान काढतात, खानावळ काढतात," नणंद म्हणाली होती. "तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढणार?"

"अहो वन्सं, एकवीस वर्षं त्या चुका करण्यात माझाही हात होता. मला नाही सापडणार तर कुणाला?"

तर अशा या बिलाबाईला वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकानं बोलावलं. दीड वर्षापासून पाण्याचं बिल तिप्पट येत होतं. भल्या माणसानं नळ बदलले, टाक्या तपासल्या, बागेचं पाणी तोडलं. शेवटी भिंतीवर कागद चिकटवला : अंघोळ एक दिवसाआड. शनिवारी विश्वस्तांची बैठक होती. तोवर बिलाचा छडा लागला नाही, तर अंघोळ आठवड्यातून दोनदाच.

तीन दिवस बिलाबाई कार्यालयाच्या कोपऱ्यात बसून फायली उपसत राहिली. दर बरोबर, बेरीज बरोबर, मीटरचे आकडे ओळीनं चढते. गुरुवारी दुपारी तिनं चष्मा मिटला आणि पिशवी उचलली.

फाटकापाशी बाकावर एक म्हातारी बसली होती. सरकारी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणत.

"सापडलं का गं काही?"

"नाही हो सिस्टर. कागद तर चोख आहेत."

"चाळीस वर्षं लोकांना अंघोळी घातल्या मी," म्हातारी म्हणाली. "अंगाला वास असलेल्या माणसाशी कुणी धड बोलत नाही, म्हणून घासून घासून घातल्या. आता माझीच पाळी लावलीय. काल नातू आला भेटायला, तर मी लांबच बसले." मग तिनं बिलाबाईच्या पिशवीकडे बोट केलं. "आणि पोरी, कागद बघून ताप कळतो होय? हात लावून बघावं लागतं."

बिलाबाईला कुणीतरी कान पिळल्यासारखं झालं. ती तशीच मागे वळली.

मीटरचा खड्डा कुंपणाच्या भिंतीलगत होता. माळ्यानं लोखंडी झाकण उचललं. आत दोन मीटर शेजारी शेजारी : एक आश्रमाचा, एक भिंतीपलीकडच्या लाँड्रीचा. तिनं बिलावरचा नंबर जुळवून पाहिला. डावा मीटर आश्रमाचा. आणि त्याचा काटा गरगर फिरत होता. दुपारची वेळ, सगळी म्हातारी मंडळी पडलेली, नळ बंद.

"गळती असणार," माळी म्हणाला.

"आश्रमाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा बरं."

माळ्यानं व्हॉल्व्ह आवळला. काटा फिरतोच आहे! भिंतीपलीकडे लाँड्रीची यंत्रं धडधडत होती. थोड्या वेळानं ती थांबली, तसा काटाही थांबला. बिलाबाई खड्ड्याच्या काठावर मातीतच बसली आणि एकटीच हसायला लागली. माळी घाबरून पाणी आणायला धावला.

शुक्रवारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले अभियंते आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "बाई, मीटर खोटं बोलत नाही."

"मीटर खरंच बोलतोय, साहेब. पण दुसऱ्याच्या घरचं सांगतोय."

तिनं त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह बंद करून दाखवला, उघडून दाखवला. साहेब उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले. दीड वर्षापूर्वी मीटर बदलले होते. नंबर लिहिणाऱ्यानं यादीत डावं-उजवं उलटं लिहिलं होतं. त्या यादीची तारीख बिलाबाईनं दोनदा वाचली. तिनं नोकरी सोडली त्यानंतरची निघाली. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

लाँड्रीवाला तणतणला खरा. पण दीड वर्ष म्हाताऱ्यांच्या पाण्यात हॉटेलच्या चादरी धुतल्या हे व्यवस्थापकानं तोंडावर सांगितल्यावर मऊ पडला आणि थकलेले पैसे भरायला हप्ते मागून घेतले.

शनिवारी सकाळी शिक्क्याचं पत्र आलं. जादा भरलेलं सगळं परत, पुढचं बिल दुरुस्त. व्यवस्थापकानं ते उभ्या उभ्या वाचलं, खुर्चीत बसून पुन्हा वाचलं आणि भिंतीवरचा कागद नखानं खरवडून काढला. कोपरे निघेनात, तर थुंकी लावून काढले.

विश्वस्त जमले. छडा लागला तो सिस्टरच्या बोलण्यानं, म्हणून तिनंही बैठकीला यावं असा निरोप गेला, पण बाई न्हाणीघरात शिरून अर्धा तास झालेला. आतून तांब्याचा आवाज, मध्येच खोकला, मग पुन्हा धबधब पाणी.

व्यवस्थापकानं सवयीनं दारावर थाप मारायला हात उचलला. "सिस्टर, पाणी जरा..." एवढं म्हणून तो थबकला. मागे उभ्या बिलाबाईकडे त्यानं पाहिलं आणि हात खाली घेतला.

"काय रे, काय म्हणतोस?" आतून खणखणीत आवाज आला.

"काही नाही, सिस्टर. तुमचं चालू द्या सावकाश."