दुखवट्याचा फराळ आणि आईचा कुत्रा

आई उन्हाळ्यात गेली. दिवाळी आली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती, इतके फराळाचे डबे आले होते.

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाला कढई चढवायची नाही, हे आमच्या कसबा बावड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मग भावकी, शेजारपाजार, वडिलांबरोबर साखर कारखान्यात काम केलेली माणसं, सगळी आपापल्या घरचा फराळ घेऊन येतात. आणून ठेवून जात नाहीत. बसतात. आपण त्यातलं काहीतरी तोंडात घालेपर्यंत बघत राहतात, आणि घातलं की म्हणतात, ‘खा बाबा, तुझी आई असती तर काय काय केलं असतं.’ खाणारे आम्ही दोघंच, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. मला तेव्हा तिशी लागली होती आणि लग्न व्हायचं होतं, त्यामुळे काही डब्यांबरोबर स्थळंही आली. एका मावशींनी तर शंकरपाळ्यांच्या डब्याखालून मुलीचा फोटो काढला. तेलाचा डाग पडून मुलीचा अर्धा चेहरा पारदर्शक झाला होता.

मला त्या दिवसांत चव कळत नव्हती. दुःखाचं वर्णन म्हणून सांगत नाही, खरोखरच कळत नव्हती. आबांच्या एका जुन्या सोबत्यानं विचारलं, “चकली कशी झालीय?” मी म्हणालो, “गोड झालीय.” ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून उठले. पोरगं आईच्या मागं खुळं झालं, अशी बातमी संध्याकाळपर्यंत मारुतीच्या देवळापर्यंत पोचली. तसंही मी रडलो नव्हतो म्हणून लोकांना माझी काळजी होतीच. स्मशानातून मी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून आलो होतो, आणि दहाव्यापर्यंत माझं सगळं लक्ष त्या चपला कुणाच्या हे शोधण्यात गेलं. सापडला माणूस. त्याला माझ्या चपला जास्त आवडल्या होत्या.

कुत्रा आईचा होता. एका हंगामात उसाच्या बैलगाड्यांमागून चालत आला आणि आमच्या दारात बसला. पिवळट रंग, एक कान मोडलेला. आईनं त्याला नाव ठेवलं नाही. “आलास का रं?” एवढंच ती म्हणायची आणि तो यायचा. एक मांजरही होतं, पण ते कुणाचं नव्हतं. आमच्याकडे ते फक्त जेवायला होतं.

आई गेल्यापासून आबा बोलायचे ते कुत्र्याशी. माझ्याशी ‘हं’. शेजारच्या काकूंशी मान हलवायची. पण कुत्र्याला ते सकाळी पायरीवर बसून सगळं सांगायचे, “काल लाईट गेलती बघ.” “दूधवाला पाणी घालाय लागलाय.” “ह्याचा पगार झाला न्हाय वाटतं अजून.” ह्याचा म्हणजे माझा. घरात काय चाललंय हे मला त्या पायरीमागच्या खिडकीतून कळायचं. आबांना डोळ्याला कमी दिसायला लागलंय हेही मी त्यांना कुत्र्याला सांगताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. कुत्रा राहिला नसता तर आमच्या घरातला उरलेला आवाज गेला असता, एवढं मला त्या बधिरपणातही समजत होतं.

दिवाळीत कुत्र्या-मांजराचं आईचं एक ठरलेलं असायचं. फटाके सुरू व्हायच्या आधी दोघांना मागच्या खोलीत घालायची, खिडकीला गोधडी लावायची, रेडिओ मोठा करायचा. कुत्र्याच्या कानात कापूस. खायला रोजचीच भाकरी आणि बिनसाखरेचं दूध. फराळाचा कण द्यायचा नाही. मी करंजीचा तुकडा पुढे केला तर, एवढा मोठा झालो तरी, हातावर फटका बसायचा, “त्याला दिवाळी नसती. त्याला पोट असतं.”

त्या वर्षी मी ठरवलं की हे सगळं आपण करायचं. गोधडी लावली, रेडिओ लावला. कापूस मात्र सापडेना. शेवटी अभ्यंगस्नानाच्या ताटात काकूंनी आणून ठेवलेले अत्तराचे फाये दिसले. कापूस तो कापूस, म्हणून मी तेच कुत्र्याच्या कानात बसवले. फटाक्यांना तो घाबरला नाही हे खरं, कारण दिवसभर तो शिंकत होता. चार शिंका झाल्या की उभा राहायचा, मागं वळून बघायचा, आणि परत शिंकायचा. मांजरानं एकदा त्याचा वास घेतला आणि ते भिंतीवरून जे गेलं ते तीन दिवस आलं नाही. आबांनी फाये काढले. कुत्र्याला म्हणाले, “लगीन हाय काय तुझं?”

राहता राहिला फराळ. टाकून द्यायची सोय नव्हती, अन्न होतं. दुसऱ्याला द्यावा म्हटलं तर काकू म्हणाल्या, “दुखवट्याचा फराळ फिरवत्यात व्हय रं? लोक काय म्हणतील.” आणि समोर बसलेली माणसं तर मी घास घेतल्याशिवाय उठायला तयार नाहीत. तेव्हा मला एक युक्ती सापडली. बेसनाचा लाडू हातात घ्यायचा, तोंडाजवळ न्यायचा, समोरच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला की हात खुर्चीखाली. खुर्चीखाली कुत्रा. लाडू जायचा, मी चघळल्यासारखं करायचो, आणि पाहुणे समाधानानं उठायचे. मला ही युक्ती इतकी आवडली की मी चिवडाही द्यायला लागलो, मग करंजी, मग अनारसा. आईचा फटका आठवला नाही असं नाही. आठवला, पण कुठंतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर बसल्यासारखा.

पाडव्याला सकाळी कुत्रा पायरीवर आला नाही. मागच्या खोलीत कुशीवर पडला होता, दोनदा ओकला होता आणि पोट ताशासारखं ताणलं होतं. आबा त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते. मला बघून म्हणाले, “ह्याचं पोट बघ.” कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी पोट बघितलं. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं, पण बघ म्हणाले म्हणून बराच वेळ बघितलं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे फोन केला असता, पण आमच्याकडे फोन नव्हता. मी स्कूटर काढली. आबा मागं, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कुत्रा. आणि पन्नास पावलं गेलो नाही तोवर रस्ता बंद. पाडवा. आमच्याकडे पाडव्याला म्हशी निघतात, हे मी जन्मापासून बघतोय आणि तेवढंच त्या दिवशी विसरलो होतो. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि पुढं मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून. गाडी फटाफट वाजवत पळवायची आणि म्हैस आपल्या मालकाचा आवाज ओळखून मागं पळते. दोन्ही बाजूंना माणसं. त्यात आमची स्कूटर.

एक म्हैस आली आणि आमच्यासमोर थांबली. तिचा मालकही थांबला. फेट्याचा शेमला खांद्यावरून सारत ओरडला, “ओ पावणं, मधी काय करालाय? म्हस बुजंल की.”

“कुत्रं आजारी आहे,” मी म्हणालो.

“कुत्रं?” त्यानं आबांच्या मांडीवर बघितलं. “मग डाक्टर त्या तिकडं मांडवात बसल्यात. सत्कार हाय त्यांचा. चला माझ्या मागनं.”

अशा रीतीनं पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत आम्हीही होतो. पुढं बिनसायलेन्सरची गाडी, तिच्यामागं रंगवलेली म्हैस, म्हशीमागं स्कूटरवर मी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी माझ्यावरही गुलाल टाकला. आबा सरळ समोर बघत होते. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. पुढच्या म्हशीच्या पाठीवर चुन्यानं कमळ काढलं होतं आणि मी सगळा रस्ता त्या कमळाच्या पाकळ्या सारख्या आहेत का ते बघत होतो.

डॉक्टर फेटा बांधलेले, गळ्यात हार, हातात नारळ. त्यांनी नारळ माझ्याकडे दिला, एका टेम्पोच्या फाळक्यावर कुत्र्याला ठेवून घेतलं, पापणी उघडली, हिरड्या दाबल्या, पोट चाचपलं.

“काय खाल्लंय ह्यानं?”

“एखादा लाडू खाल्ला असेल,” मी म्हणालो.

“एका लाडवानं असं होत न्हाय.”

“दोन असतील. आणि थोडा चिवडा. करंजी.”

“अजून?”

“अनारसा,” मी म्हणालो. “पण अर्धा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग हिशेब जुळत नसल्यासारखं परत पोट चाचपलं. तेव्हा आबा म्हणाले, “मीबी दिलंय.”

मी वळून बघितलं. आबा कुत्र्याकडे बघत होते. “खुर्चीच्या डाव्या अंगानं,” ते म्हणाले. “हा उजव्या अंगानं देत असणार. मला वाटलं लोक बघत्यात, खाल्लं न्हाय तर वाईट दिसतंय.”

म्हणजे आम्ही दोघं शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसून, एकमेकांना पत्ता लागू न देता लाडू तोंडाजवळ नेत होतो, चघळल्यासारखं करत होतो, आणि मधे बसलेला कुत्रा दोन्ही बाजूंनी अख्ख्या गावचा दुखवटा खात होता. डॉक्टरांना हसू आलं असावं, पण आबांचा चेहरा बघून त्यांनी ते फेट्याखाली ठेवलं.

“तूप, डालडा, कांदा-लसूण,” ते म्हणाले. “त्याचं आतडं काय तुमच्या पावण्यांचं हाय काय?” (बेदाणेही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आमच्या लाडवात ते सढळ हातानं होते. वाचून झाल्यावर मी पेपर घडी घालून ठेवला आणि आंघोळीला गेलो.)

डॉक्टर हार काढून आमच्या मागोमाग घरी आले. दारालगतच्या सोप्यात कुत्र्याच्या पायाला सलाईन लावलं. बाटली टांगायला काही मिळेना, तेव्हा आकाशकंदिलाचा हूक दिसला. त्या वर्षी तो रिकामाच होता. बाटली तिथं टांगली. “आज काही खायला द्यायचं न्हाय,” डॉक्टर म्हणाले. “पाण्यानं तोंड ओलं करा फक्त. आणि मुतलं की मला येऊन सांगा. मूत्रपिंड चाललंय का न्हाय ते त्यावरनंच कळंल. उद्यापर्यंत मुतलं न्हाय तर—” इथं ते थांबले. “तर बी येऊन सांगा.”

दुपारी काकू डबा घेऊन आल्या आणि बाटली बघून दारातच उभ्या राहिल्या.

“अगं बया. कुत्र्याला सलाईन?”

आबा उठले. “वैनी, डबा आत ठिवू नका,” ते म्हणाले. “आमच्यातलं कोण खात न्हाय. मी न्हाय, हा न्हाय. सगळं ह्यानंच खाल्लं, म्हणून पडलाय. मुतलं तर वाचंल, म्हणत्यात डाक्टर.”

काकू डबा तसाच धरून पायरीवर बसल्या. “मग सांगायचं न्हाय व्हय, भावजी. मी बी घरी दोन लाडू करून थांबले असते. तुमच्यासाठी चार किलो बेसन भाजलं मी. हात मोडून गेला.” आणि थोड्या वेळानं, “मुतलं का?”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. माणसं येत राहिली, पण आता कुणाच्या हातात डबा नव्हता. कुणी आईबद्दल बोलत नव्हतं, कुणी माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. सगळे कुत्र्याभोवती उभे राहायचे आणि विचारायचे, “मुतलं का?” आबा प्रत्येकाला उत्तर द्यायचे, “न्हाय अजून.” प्रत्येकाला. मी मोजलं नाही, पण आई गेल्यापासून सगळे मिळून जेवढे शब्द ते माणसांशी बोलले नव्हते तेवढे त्या संध्याकाळी बोलले असतील, आणि ते सगळे तेच दोन शब्द होते.

मी बाटलीतले थेंब बघत बसलो होतो. कुत्र्याचं काही झालं तर आबांचं काय, असा विचार करायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. विचार सुरू व्हायचा आणि म्हशीच्या पाठीवरच्या कमळाशी जाऊन थांबायचा.

भाऊबीजेला सकाळी सलाईन काढल्यावर कुत्रा उभा राहिला. पाय थरथरत होते. आबा त्याच्या मागं, त्यांच्या मागं मी, अशी आमची वरात अंगणात आली. काकूंचं अंगण आमच्या अंगणाला लागूनच. तिथं त्यांनी शेणाच्या गवळणी मांडल्या होत्या, दिवाळीच्या, डोक्यावर शेवंती खोचलेल्या, मधोमध कृष्णाचा सवंगडी पेंद्या, तोही शेणाचा. कुत्र्यानं आमचं अंगण हुंगलं, पारिजातकाचं झाड हुंगलं, तुळशीकडे बघून मान फिरवली, आणि हळूहळू चालत काकूंच्या अंगणात जाऊन पेंद्यावर पाय वर केला. तोल जात होता म्हणून मधे एकदा पाय खाली ठेवला आणि परत वर केला. बराच वेळ चाललं ते.

काकू दारातून बघत होत्या. हातात ओवाळणीचं ताट होतं, त्यांचे भाऊ यायचे होते.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “माझ्या पेंद्यावर मुतलं की हो तुमचं कुत्रं.”

“व्हय,” आबा म्हणाले. “मुतलं.” मग तिथंच अंगणाच्या कडेला खाली बसले आणि काकूंना सांगायला लागले, सकाळी तो कसा उठला, आधी कान हलवला मग मान, पाणी किती प्याला. काकू ताट घेऊन ऐकत उभ्या राहिल्या. त्या वेळी आबांचा चेहरा कसा होता, हे मला सांगता येणार नाही. मला डॉक्टरांना सांगायला जायचं होतं, आणि मी किक मारत होतो, आणि स्कूटर काही केल्या चालू होत नव्हती.