वाढलेला आकडा

अनुसया मूळची शिरपूरकडची. लग्न होऊन भेस्तानला आली, तेव्हा नवरा शालिग्राम कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा आणि ती तिथेच सुताच्या बॉबिन भरायची. सातवी पास होती, अक्षर वळणदार होतं. एवढ्या भांडवलावर पंच्याण्णव साली तिला एका लहानशा संस्थेत आरोग्यसेविकेचं काम मिळालं. तिच्या वाट्याला चारशे घरं आली, शेजारच्या वस्तीतली तीनशे जयश्री नावाच्या मुलीकडे गेली. पाण्यात क्लोरीन टाकायला शिकवायचं, पोराला जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावायचं आणि कोण कधी आजारी पडलं ते वहीत लिहायचं. वर्षभरात बायका तिला अनुसयाबेन म्हणू लागल्या.

सत्त्याण्णवचा पावसाळा संपला आणि ही वहीच तिच्यावर उलटली.

संस्थेला मुंबईच्या एका ट्रस्टकडून पैसे मिळत. अर्जात संस्थेनं लिहून दिलं होतं की तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोरांचे जुलाब निम्म्यावर आणू. अनुसयाच्या वहीत पहिल्या पावसाळ्यात बासष्ट पोरं होती. तिसऱ्यात एकशे अठ्ठेचाळीस. आणि ट्रस्टच्या बाई तपासणीला नऊ दिवसांनी येणार होत्या.

संस्थेचं काम बघणारे योगेंद्रभाई माणूस वाईट नव्हते. वस्तीतलं आजारी पोर रिक्षात घालून त्यांनी स्वतः कितीदा दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अनुसयाबेन, हा आकडा असाच गेला तर जानेवारीपासून तुमचं काम नाही, जयश्रीचं नाही, माझंही नाही. दोन दिवस पोट बिघडलं, त्याला आजार कशाला म्हणायचं? खरंच सिरियस होते तेवढेच नव्या वहीत उतरवा."

कोरी वही घेऊन ती घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहायला बसली. अकरा नावं गाळली. बारावं नाव नीलमच्या आठ महिन्यांच्या मुलाचं होतं. चार दिवस त्याला जुलाब होते. अनुसया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाटी-चमचा घेऊन नीलमजवळ बसून राहिली होती. सलाईनची बाटली चढवावी लागली नाही, पाचव्या दिवशी पोर दारात बसून रांगोळीला हात घालत होतं. योगेंद्रभाईंच्या हिशेबानं हे सिरियस नव्हतं. म्हणजे नाव गाळायचं. पण पोराचं आजारपण पुसलं, तर ते वाचलं हेही पुसलं जाणार होतं. तिनं पेनाला टोपण लावलं.

मग आजार वाढला कसा? ती घरोघर विचारत फिरली. बायका हसून विषय टाळत होत्या. शेवटी सुंदराकाकूंनी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं.

"तू पहिल्यांदा आलीस त्या साली आम्ही खोटं बोललो बाई. चौऱ्याण्णवच्या प्लेगला वर्षही झालं नव्हतं. वही घेऊन कुणी दारात आलं की वाटायचं, आजारी म्हटलं तर पोराला गाडीत घालून नेतील, खोली खाली करायला लावतील. तुला तरी तेव्हा कोण ओळखत होतं?"

म्हणजे आजार वाढला नव्हता, सांगणं वाढलं होतं. पण एवढ्या बोलण्यावर मुंबईच्या बाई विश्वास ठेवणार होत्या का? घरातलं दुखणं लपवता येतं, बाटली चढवायला नेलेलं पोर कसं लपवणार? नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नोंद असणारच. तिथल्या कंपाउंडरनं तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती बाकावरून उठलीच नाही. दुपारचे पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी वैतागून तिला आत घेतलं. तासभर, त्यांच्या डोळ्यांसमोर आणि एकही नाव बाहेर न सांगण्याच्या बोलीवर. तिनं त्यांच्या रजिस्टरमधली आपल्या गल्ल्यांतली पोरं मोजली. पहिल्या पावसाळ्यात एकतीस पोरांना बाटली लागली होती, यंदा नऊ. दगावलेली पोरं तर सगळ्या वस्तीला माहीत होती. तेव्हा पाच, यंदा एक.

नव्या वहीतली उतरवलेली पानं फाडून हे तिनं पहिल्या पानावर लिहिलं आणि जुनी वही जशीच्या तशी ठेवली. योगेंद्रभाईंनी ते पान वाचलं. अर्जात आपण जुलाब लिहिले होते, बाटल्या नाही, एवढंच ते म्हणाले. मग वही परत देत म्हणाले, की उद्या तुम्हीच बोला.

ट्रस्टच्या मालतीबाई चष्म्यातून माणसाला नीट न्याहाळणाऱ्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही वह्या चाळल्या, जुन्या वहीतल्या पाच नावांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि चला म्हणाल्या. पहिल्या तीन घरांनी वहीप्रमाणेच सांगितलं. चौथं घर कुसुमचं. ती जूनमध्येच गावाहून आली होती. वहीत तिच्या मुलाची नोंद होती : ऑगस्ट, तीन दिवस. दारात चष्मा आणि फाईल बघताच कुसुमनं पदर पुढे ओढला.

"मन्हा पोऱ्याले काहीच व्हयेल नव्हतं," ती म्हणाली.

याच उंबऱ्यात बसून अनुसयानं त्या पोराला पाणी पाजलं होतं. अगं, मीच नव्हते का आले, एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द ओठांवर आले आणि तिनं गिळले. योगेंद्रभाई खाली चपलांकडे बघत होते. मालतीबाईंनी त्या नावापुढे फुली मारली.

गल्लीच्या वळणावर अनुसया बोलली.

"बाई, फुली राहू द्या. पण पंच्याण्णव साली मला घरोघर असंच उत्तर मिळालं होतं."

मालतीबाई थांबल्या. "मग तिला तिथेच का नाही आठवण करून दिलीत?"

"तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं जाल. मला उद्या तिच्या दारात परत जायचंय."

बाई पुढे चालू लागल्या. पाचव्या घरी नोंद बरोबर निघाली. त्यानंतर त्या एकट्याच नाक्यावरच्या दवाखान्यात गेल्या, अर्ध्या तासानं बाहेर आल्या आणि कसलाही अंदाज न देता रिक्षात बसल्या.

पुढचे सहा आठवडे योगेंद्रभाई तिच्याशी कामापुरतंच बोलले. अनुसयानं कारखान्यात बॉबिनचं काम आहे का, ते विचारून ठेवलं.

डिसेंबरात पत्र आलं. अर्जातलं उद्दिष्ट पुरं झालं असं ट्रस्ट मानत नव्हता. तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचे पैसे मिळणार होते. पुढच्या वर्षी बाटली लागलेली आणि दगावलेली पोरं मोजायची, जुलाबही लिहायचे. पण घराघरांतून जास्त नावं आली म्हणून कुणाला दोष द्यायचा नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. योगेंद्रभाईंनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. खालची ओळ वाचताना त्यांचा आवाज पडला. पैसे एकाच आरोग्यसेविकेपुरते होते.

जयश्रीचं काम गेलं, तिची तीनशे घरं अनुसयाकडे आली. जयश्रीच्या वहीतला आकडा दरवर्षी घटत आला होता, तो कुणी तपासलाही नव्हता. अनुसया तिच्या घरी गेली. जयश्रीनं बसायला सांगितलं नाही. आतून वही आणली, तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "शेवटच्या गल्लीतल्या बायका अजून काही सांगत नाहीत. तिथं आधी वही काढू नका."

अनुसयानं मान हलवली. वही पिशवीत तळाशी ठेवली आणि शेवटच्या गल्लीकडे निघाली.