मागून आलेला उजेड

ज्यानं तुमचं काही बिघडवलेलं नाही, अशा माणसाला तुम्ही कधी चारचौघांत चोर ठरवलं आहे का? मी ठरवलं. तेही छापून, आमच्या कुलदेवीच्या, मनुदेवीच्या दारात उभं राहून, भाविकांच्या हातात एकेक कागद देत. हे लिहिताना मान वर होत नाही. पण लिहिलं नाही, तर देवीनं त्या संध्याकाळी जे पदरात घातलं ते लपवून ठेवल्यासारखं होईल.

आमच्या घरात देव्हाऱ्याइतकाच पत्रकांना मान. वडील दारूबंदीची, हुंड्याविरुद्धची पत्रकं गावोगाव वाटत. ते गेल्यावर त्यांची जुनी फटफटी आणि ते काम, दोन्ही माझ्याकडे आलं. कॅरिअरवर दोरीनं करकचून बांधलेला गठ्ठा आणि खोटेपणाविरुद्ध पेटलेलं डोकं घेऊन मी असोद्यापासून जामनेरपर्यंत हिंडत असे. त्याच सुमारास गाडीचा पुढचा दिवा दगा देऊ लागला. नवा बल्ब बसवावा, थोडे दिवस नीट चालावा, आणि एखाद्या चढावर गाडी जोरात रेटली की क्षणभर पांढराफटक पेटून जळून जावा.

जळगावात ज्या शेठजींकडून मी बल्ब घेत असे, त्यांनी पहिला जळका बल्ब बदलून दिला, दुसराही दिला. पुन्हा गेलो तेव्हा म्हणाले, "भाऊ, हाही न्या. पण दोष गाडीत दिसतो. मागचा दिवा लागतो का, ते एकदा बघा."

"जळतो पुढचा आणि तुम्ही दाखवता मागचा," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाला मागं बघायला लावायचं आणि पुढून खिसा कापायचा."

दुकानातले लोक हसले. शेठजी हसले नाहीत. "रागात गाडी चालवू नका," एवढंच बोलले.

लोकांचं ते हसणं मला चढलं. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. नकली माल विकणारा चोर, असं दुकानाच्या नावासकट लिहिलं. वर, ज्यांच्या कित्येक पिढ्या जळगावात गेल्या त्यांना 'बाहेरून आलेले' म्हटलं. दुकानाचं नाव इथं पुन्हा छापणार नाही; एकदा छापलं तेच पुष्कळ झालं. खोट्याशी लढणं हीच माझी भक्ती, अशी माझी समजूत होती. म्हणून ते कुलदेवीच्या यात्रेतच वाटायचं ठरवलं. मायला दर्शनाला न्यायचंच होतं.

माय रांगेत उभी होती आणि मी कागद वाटत होतो. तिनं लांबून विचारलं, "काय वाटून राह्यला रे तू?"

"खरं काय ते," मी म्हणालो.

"देवीच्या दारी लोक परसाद वाटतात," ती म्हणाली आणि रांगेबरोबर पुढं सरकली. मी गाभाऱ्यात गेलोच नाही. अर्धा गठ्ठा संपला होता आणि मला तेवढ्यानंच दर्शन झाल्यासारखं वाटत होतं.

परतताना डांभुर्णीच्या पुढं दिवस बुडाला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून अरुंद रस्ता. एका चढावर गाडी रेटली आणि दिवा लख्ख पेटून विझला.

"गेला का?" मायनं विचारलं.

"गेला. त्या शेठची करणी."

"शेठ इथं कुठून आला?"

मी अंधारात चाचपडत गाडी चालवू लागलो. तेवढ्यात मागून केळीनं भरलेला एक मेटॅडोर आला. हात करून त्याला पुढं जा म्हटलं. तो जाईना. मी हळू झालो की तोही हळू होई. मी वळून त्याला शिव्या घातल्या. त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. शेवटी माय म्हणाली, "तो उजेड देऊन राह्यला, घे की." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की समोरचा रस्ता मला दिसतो आहे. आमची सावली लांबच लांब पुढं पडली होती आणि तिच्या दोन्ही कडांनी रस्ता उजळला होता. तापीचा पूल आम्ही तसाच ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता, दुसऱ्याच्या उजेडात नुसता हँडल धरून बसलो होतो. मी ज्या देवीकडे पाठ करून उभा राहिलो होतो, तिचं नाव आपोआप तोंडात आलं.

जळगावच्या रस्त्यावरचे दिवे आल्यावर मेटॅडोरवाल्यानं गाडी थांबवली. धुळ्याकडचा माणूस होता. म्हणाला, "भाऊ, तुना मांगला दिवा बंद शे. मायना हातमाना डबा चमकना, म्हणीसन दिसनात तुम्ही. कोणी ठोकी देता, म्हणीसन मांगेच राहिनू." आम्हाला मागून कोणी ठोकू नये म्हणून तो मागंच राहिला होता; शिव्यांबद्दल एक अक्षर नाही. मायनं पितळी डब्यातला प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि मी नाव विचारायच्या आत तो निघून गेला.

मी खाली वाकून पाहिलं. पत्रकांच्या गठ्ठ्याची दोरी घासून घासून मागच्या दिव्याची वायर तुटली होती. या गाडीत वीज थेट इंजिनातून येते आणि दोन्ही दिवे ती वाटून घेतात. मागचा बंद पडला की सगळा भार पुढच्यावर येतो. गाडी रेटली की तो जळतो. शेठजींनी हेच सांगितलं होतं. सकाळी वायर जोडली, नवा बल्ब लावला. तो आजही चालतो आहे.

दुकानात गेलो तेव्हा माझं पत्रक तिथं माझ्याआधी पोचलं होतं, गल्ल्याशेजारी घडी करून ठेवलेलं. मी माफी मागायला हात जोडले. शेठजींनीच विचारलं, "बल्ब टिकला ना आता?" आणि चहा सांगितला. उरलेला गठ्ठा मी जाळला, पण वाटलेले कागद परत येत नाहीत. ते चोपड्याला गेले, यावलला गेले, कुठल्या कुठल्या गावांना गेले. ते काही माझ्या हाती नाही. देवीनं मला वाचवलं. शेठजींचं नाव आता तिच्या आणि तुमच्या हाती आहे.

म्हणून विनंती आहे. यात्रेत ते पत्रक तुम्ही घेतलं असेल, तर नुसतं फाडून टाकू नका. ज्यांना ज्यांना ते वाचून दाखवलंत, त्यांच्या दारी एकदा जा आणि सांगा, की दुकानदार खरा होता. लिहिणाऱ्यानंच आपल्या गाडीची वायर तोडली होती, अशाच पत्रकांच्या गठ्ठ्यानं.