ग्रासियास कधी म्हणायचं

विमानतळावरून जर्सी सिटीला येतानाच लेकीने बजावलं, "आई, इथे उठताबसता थँक्यू म्हणायचं. विसरू नकोस." मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण लेकीपुढे कायम पहिलीतच.

चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारची एल्सा भेटली. अर्जेंटिनाची, सत्तरीची, माझ्यासारखीच बोलघेवडी. म्हणाली, "रविवारी ये. माझा धाकटा भाऊ येतोय. तिकडे प्रांताच्या विधानसभेत आमदार आहे. आठ वर्षं आमचं बोलणं नाही. तू असलीस तर भांडण तरी होणार नाही."

कारण विचारल्याशिवाय मला कुठलं राहवतंय. कारण होतं वडिलांची बेकरी. भाऊ प्रत्येक सभेत सांगतो, 'पहाटे चारला उठून मी पीठ मळलं.'

"मळलं मी," एल्सा म्हणाली. "हा दुपारपर्यंत घोरायचा. एकदा तरी माझं नाव घ्यावं की नाही?"

रविवारी बेसनाचे लाडू घेऊन गेले. आमदारसाहेब ओक्तावियो मोठे रुबाबदार, माइक नसतानाही सभेतच असल्यासारखे. ते स्पॅनिश बोलायचे, एल्सा मला इंग्रजीत सांगायची. "म्हणतोय, मी बेकरीवाल्याचा पोरगा, पहाटे पीठ मळायचो." आणि त्याच सुरात, "खोटं." मला हसू आवरेना.

मग आलं 'माते'. नाव ऐकून मी हातच जोडणार होते. निघाला कडू पाल्याचा काढा. भोपळ्याची एकच वाटी, एकच नळी. एल्सा भरून देणार, आपण पिऊन तिला परत करायची, मग ती पुढच्याला. मी वाटी परत देताना लेकीची शिकवण आठवून ठसक्यात म्हटलं, "ग्रासियास (आभार)." झालं. पुढच्या चार फेऱ्या वाटी मला वगळून फिरली. काहीतरी चुकलं म्हणून मी मुकाट्याने पर्स उचलली.

ओक्तावियो हसत सुटले. वाटी देताना ग्रासियास म्हणजे 'बस्स, आता मला नको'. एल्साही हसली. आठ वर्षांत दोघं पहिल्यांदाच एकत्र हसले असतील.

पुढची वाटी त्यांनी संपवली, जरा वेळ हातातच धरली, आणि देताना हळू म्हणाले, "ग्रासियास."

एल्साचा चेहरा उतरला. "इतक्यात बस्स?"

मलाही कळावं म्हणून ते मोडक्या इंग्रजीत बोलले. "मातेचं नाही. पिठाचं."

एल्साने वाटी पुन्हा काठोकाठ भरली. मला इतका आनंद झाला की मीच नेलेले तीन लाडू मीच खाल्ले.

साताऱ्याला परतले ती थेट ताईकडे गेले. आई गेल्यावर तिने शाळा सोडून घर सांभाळलं, म्हणून मी शिकले. तिने चहा पुढे केला. मी म्हटलं, "ताई, थँक्यू."

"अगं बाई, अमेरिकेचं वारं लागलं वाटतं. चहाचं कसलं थँक्यू?"

"चहाचं नाही गं," मी म्हटलं.